'अशक्तपणा'च्या आड दडलेले नैराश्य

शहरात 'डिप्रेशन' हा शब्द आता लोकलच्या डब्यातही सहज ऐकू येतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर तो क्वचितच उच्चारला जातो. पण त्या शब्दामागचे दुःख तेथे आहेच. नैराश्याचे निदान आणि वर्गीकरण या दोन्ही गोष्टी तज्ज्ञांनाही का चकवतात आणि दुर्गम भागात हा गुंता अधिक का वाढतो, याचा हा मागोवा.

समजा, शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पलीकडे असलेल्या एका पाड्यावरची अडतीस वर्षांची बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात आली आहे. बाई काल्पनिक आहे. तिच्या तक्रारी मात्र ग्रामीण भागात काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला तोंडपाठ असतात. 'अंगात त्राण राहिलं नाही, डोकं जड होतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही.' बाहेर रांग लागलेली असते. डॉक्टर तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात. ती फिकट असते. लोहाच्या गोळ्या, जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तिच्याच आग्रहाखातर एक 'ताकदीचं इंजेक्शन' दिले जाते. नोंदवहीत 'अशक्तपणा' असे लिहून होते. हे निदान खोटे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या होत्या. पण ही बाई महिन्याभराने पुन्हा येते, पुन्हा तेच सांगते. चौथ्या खेपेला तिच्यासोबत आलेली जाऊ सहज बोलून जाते की, यंदा भाद्रपदात ही गौरीच्या नाचालासुद्धा उठली नाही. निदानाची किल्ली या एका वाक्यात असते. परंतु ते वाक्य नोंदवहीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

शहापूर हा क्षेत्रफळाने ठाणे जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका. मुंबईची तहान भागविणारी भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यात आहेत. मुरबाड तालुका माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेला. २०११च्या जनगणनेत शहापूरची लोकसंख्या सुमारे तीन लाख चौदा हजार, तर मुरबाडची एक लाख नव्वद हजारांच्या आसपास होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी वस्ती मोठ्या प्रमाणात या दोन तालुक्यांत राहिली. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, त्यांच्या शेजारी कुणबी आणि आगरी. भातकापणी आणि दिवाळी आटोपली की अनेक कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. निदानाचा विचार करताना हे वार्षिक चक्र लक्षात ठेवावे लागते. ते पुढे पुन्हा पुन्हा आडवे येणार आहे.

शब्द एक, अर्थ अनेक

मराठीत या आजाराला 'नैराश्य' हे नाव रूढ झाले, पण ते पुरेसे नेमके नाही. निराशा ही आशाभंगातून येते. परीक्षेत नापास झालेला मुलगा निराश होतो. वैद्यकशास्त्राला अभिप्रेत असलेल्या अवस्थेत पुष्कळदा आशाभंगाचे काही निमित्तच नसते. हिंदीने 'अवसाद' स्वीकारला. आपल्याकडे 'विषाद' हा जुना आणि अधिक गंभीर शब्द आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग असे आहे, तर चरकसंहितेने रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. 'खिन्नता', 'औदासीन्य', 'उद्विग्नता' हे शब्द ग्रंथांत शोभतात, पाड्यावर नव्हे.

तेथे माणसे काय म्हणतात? 'मन लागत नाही.' 'जीव थाऱ्यावर नाही.' 'घोर लागलाय.' 'नुसतं टेन्शन.' यांतला शेवटचा शब्द इंग्रजीतून आला खरा; पण आज तो गावोगावी इतका मुरला आहे की मानसोपचारतज्ज्ञाला त्याच्याइतका उपयोगी शब्द क्वचितच सापडेल. त्यात काळजी, भीती, कर्ज, नवऱ्याची दारू, झोप न लागणे असे सगळे मावते. उपयोग आहे तसा तोटाही त्यातच आहे. चिंताविकार आणि नैराश्य यांना वेगवेगळे कप्पे देणाऱ्या वर्गीकरणाला 'टेन्शन' कुठल्या कप्प्यात टाकावे ते कळत नाही. शिवाय कातकरी आणि ठाकूर समाजांची घरातली बोली छापील मराठीहून वेगळी आहे. प्रमाण मराठीतील प्रश्नावली त्यांच्यापुढे ठेवली की एक भाषांतर कागदावर झालेले असते आणि दुसरे उत्तर देणाऱ्याच्या मनात होते. त्या दुसऱ्यावर कोणाचीच देखरेख नसते.

कप्पे कसे पडले?

मनाच्या आजारांची आधुनिक विभागणी जर्मन मनोवैद्य एमिल क्रेपेलिन यांच्यापासून मोजली जाते. १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी उन्माद आणि विषाद यांना एकाच 'उन्माद-विषाद' आजाराची दोन रूपे मानले. पुढे अर्धे शतक एकच वाद धुमसत राहिला : आतून, शरीरातून उद्भवणारा विषाद आणि परिस्थितीच्या आघाताने येणारा विषाद हे दोन आजार की एकाच आजाराच्या कमी-अधिक छटा? लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातील ऑब्री लुइस यांनी १९३४ मध्येच अशी रेघ ओढता येत नसल्याचे प्रतिपादन केले. न्यूकॅसलच्या मार्टिन रॉथ यांच्या गटाला ती रेघ स्पष्ट दिसत होती. वाद निकाली निघाला नाही, तो बाजूला ठेवण्यात आला. १९८० मध्ये अमेरिकी मनोवैद्यांच्या संघटनेने 'डीएसएम' या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली आणि कारण विचारणेच सोडून दिले. पुढे नऊ लक्षणांची यादी झाली. त्यांपैकी किमान पाच, सलग दोन आठवडे आणि त्यांत उदास मन किंवा रस संपणे यांपैकी एक तरी असलेच पाहिजे. एवढे जुळले की 'मेजर डिप्रेशन'.

पाचच का, चार किंवा सहा का नाहीत, याला भक्कम शास्त्रीय उत्तर नाही. कुठेतरी रेघ ओढणे भाग होते. नऊपैकी पाच वा अधिक लक्षणे या नियमानुसार २२७ वेगवेगळ्या प्रकारे जुळू शकतात. म्हणजे एकच नाव धारण करणारे दोन रुग्ण परस्परांशी जेमतेम एका लक्षणाने जोडलेले असू शकतात. एकाला झोप येत नाही, दुसरा दिवसभर झोपतो; एकाची भूक मेलेली, दुसरा सतत खातो.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट २०१३ मध्ये पुढे आली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाचव्या आवृत्तीच्या क्षेत्रचाचण्यांत एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा नैराश्याच्या निदानावर त्यांचे एकमत मोजणारा 'कप्पा' नावाचा गुणांक अवघा ०.२८ निघाला. हा गुणांक १ असेल तर पूर्ण एकमत. ० असेल तर योगायोगाने जितके जुळावे तितकेच. त्याच चाचण्यांत आघातोत्तर तणावविकारासाठी तो ०.६७ होता. अमेरिकेतील नामांकित केंद्रांत, पुरेसा वेळ हाताशी असलेल्या प्रशिक्षित तज्ज्ञांची ही अवस्था. मग रांगेत ताटकळलेल्या रुग्णांमधून वाट काढणाऱ्या आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला फार दोष देता येईल असे वाटत नाही.

भारतात शासकीय व्यवहारात जागतिक आरोग्य संघटनेचे 'आयसीडी' हे वर्गीकरण चालते. त्याच्या दहाव्या आवृत्तीने एक शहाणपण दाखवले होते. उदास मन आणि रस संपणे यांच्या जोडीला थकवा हेही तिने मुख्य लक्षण मानले. शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने ही बाब मोलाची होती, कारण तेथील रुग्ण दारातून आत येतो तोच थकव्याची तक्रार घेऊन. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत थकव्याला पुन्हा इतर लक्षणांच्या रांगेत बसविण्यात आले. मात्र नैराश्य आणि चिंता यांची सरमिसळ असलेल्या अवस्थेला नैराश्याच्या गटातच अधिकृत स्थान मिळाले. 'टेन्शन'ला निदान एक पत्ता तरी लाभला, असे म्हणता येईल.

दुःख शरीराच्या भाषेत

'आपले खेडुत मनाचे दुःख शरीराच्या भाषेत सांगतात' हे वाक्य इतक्यांदा ऐकू येते की ते तपासून घ्यायला हवे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, असे निदान झालेल्या शंभर रुग्णांची तपासणी करून १९८२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ८७ जण पाश्चात्त्य निकषांनुसार नैराश्याचे रुग्ण ठरले. तरीही क्लाइनमन यांचाच इशारा असा की, एका समाजात घडवलेला कप्पा दुसऱ्या समाजावर ठेवला आणि त्यात माणसे मावली, एवढ्यावरून तो कप्पा तेथे खरा ठरत नाही.

दुसरा पुरावा अधिक व्यावहारिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १४ देशांतील प्राथमिक उपचार केंद्रांत अभ्यास केला. त्यात बंगळुरूचाही समावेश होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणानुसार नैराश्याच्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्ण डॉक्टरांकडे केवळ शारीरिक तक्रारी घेऊन आले होते. पण थेट विचारल्यावर मानसिक लक्षणे नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. हे प्रमाण एकट्या खेड्यांचे किंवा एकट्या भारताचे नव्हते. रुग्ण मनाचे सांगत नाही, याचा अर्थ त्याला मनाचे जाणवत नाही असा होत नाही; बहुधा त्याला कोणी विचारलेले नसते.

आणि न सांगण्याला कारणही असते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, नैराश्याची लक्षणे जितकी तीव्र, तितकी रुग्णाला लोकलज्जेची भीती अधिक; उलट शारीरिक लक्षणे जितकी तीव्र, तितकी ती भीती कमी. डोके दुखते म्हणणे प्रतिष्ठेचे आहे, मन दुखते म्हणणे नाही. ठाणे जिल्ह्यात तर याला स्थानिक संदर्भ आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून ठाण्यात उभे आहे आणि 'ठाण्याला पाठवायला हवं' या वाक्याचा अर्थ मुंबईच्या आसपासच्या मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या मुलीला उपचारासाठी ठाण्याला नेले, हे सोयरिकीच्या बोलण्यांत कोणता बाप कबूल करील?

पुण्यात वासुदेव परळीकर, मोहन आगाशे आणि मिचेल वाइस यांनी 'अशक्तपणा' हीच तक्रार अभ्यासाच्या केंद्रस्थानी ठेवली. थकवा किंवा अशक्तपणा घेऊन आलेले रुग्ण त्यांनी चार ठिकाणांहून घेतले : मानसोपचार, औषधवैद्यक, त्वचारोग आणि आयुर्वेद. अभ्यासाची ही मांडणीच बोलकी आहे. एकच तक्रार माणसाला चार दारांपुढे नेऊ शकते आणि दार बदलले की नाव बदलते. शहापूर-मुरबाडमध्ये पाचवे दार भगताचे. रात्री झोप न येणे, भूक जाणे, एकटे बसून राहणे याला तेथे 'बाहेरचं' म्हटले जाते. भगताची हेटाळणी करणे सोपे आहे; परंतु हे पाचवे दार रात्रीही उघडे असते आणि तेथे घरच्यांची सगळी हकिगत ऐकून घेतली जाते, हे दुर्लक्षून चालणार नाही. दवाखान्यात नेमके तेवढेच होत नाही.

नऊ प्रश्न आणि एक वर्ष

नैराश्य शोधण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे 'पीएचक्यू-९'. २००१ मध्ये तिची मांडणी सविस्तर प्रसिद्ध झाली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी. मराठीतही ती उपलब्ध आहे. ती उपयुक्त आहे यात शंका नाही. पण तिला शहापूरच्या वर्षचक्रातून फिरवून पाहावे.

झोपेबद्दलचा प्रश्न घ्या. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीच्या तळाशी झिरपणारे पाणी मिळावे म्हणून रात्रीच नंबर लावणाऱ्या बाईला 'झोप नीट लागते का' असे विचारले, तर ती 'नाही' म्हणेल. भूक मंदावली का, हा प्रश्न आषाढ-श्रावणात विचारला, जेव्हा कणगी तळाला गेलेली असते, तर उत्तरातून आजार कळेल की रिकामे घर? थकव्याच्या प्रश्नाला रक्तक्षय, क्षयरोग, थायरॉइडची कमतरता आणि डोंगर चढून आणलेली लाकडाची मोळी असे सगळेच उत्तर देतात. लक्ष लागत नाही का, हे विचारताना मूळ प्रश्नावली वर्तमानपत्र वाचण्याचे आणि दूरचित्रवाणी पाहण्याचे उदाहरण देते. वर्तमानपत्राचा हा मान आम्हाला सुखावणारा असला, तरी निरक्षर बाईच्या बाबतीत तो निरर्थक आहे. 'गेल्या दोन आठवड्यांत अर्ध्याहून अधिक दिवस' हा हिशेबही सर्वांना जमत नाही. मागच्या बाजारापासून या बाजारापर्यंत असे मोजून विचारले, तर उत्तर अधिक नेमके येते.

मग काही उरते की नाही? उरते, आणि जे उरते तेच महत्त्वाचे. रस संपणे हे लक्षण गरिबीने समजावता येत नाही. पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेला दरवर्षी जाणारा माणूस यंदा घरीच बसला. आवडती शेळी व्याली तरी उठून पाहिली नाही. तान्ह्या नातवाला मांडीवर घेतले नाही. कष्ट, पाणीटंचाई आणि अर्धपोटी राहणे शेजारच्या झोपडीतही तेवढेच असते, पण शेजारीण जत्रेत बांगड्या भरून येते. माणसाची तुलना प्रश्नावलीच्या सरासरीशी करण्याऐवजी त्याच्या स्वतःच्या मागील वर्षाशी करावी. सकाळी मन सर्वांत जड असणे, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, स्वतःला घरावरचे ओझे समजणे यांचाही आधार मिळतो. आणि नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, कधीच गाळू नये. 'झोपावं आणि उठूच नये, असं वाटतं का?' येथपासून सुरुवात करून पायरीपायरीने पुढे जाता येते. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. भाताच्या पिकावर फवारायचे कीटकनाशक घरातच असते, हे लक्षात घेतल्यास न विचारण्याची किंमत कळते.

गावपातळीवर हे विचारायचे कोणी? आशा कार्यकर्तीकडे असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा जो राष्ट्रीय तक्ता आहे, त्यात नैराश्याचे दोन प्रश्न समाविष्ट झाले : रस कमी होणे आणि मन उदास किंवा हताश असणे. ही मोठीच प्रगती होय. तथापि दोन गोष्टी खटकतात. या दोन प्रश्नांच्या मूळ अभ्यासात सहापैकी तीन गुण ही शंकेची सीमा होती. आपल्या तक्त्यात तीनपेक्षा अधिक गुण मिळाल्यास पुढे पाठवा, असे म्हटले आहे. एका गुणाचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात नेमके तीन गुण मिळवणारी सगळी माणसे चाळणीतून खाली पडतात. दुसरे, हा तक्ता मुळात तीस वर्षे व त्यापुढील व्यक्तींसाठी तयार झाला. देशातील आत्महत्यांच्या सरकारी आकडेवारीत मात्र १८ ते ३० हा वयोगट सातत्याने मोठा वाटा उचलतो. नवी सून, बांधकामावर जाणारा तरुण, आश्रमशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी यांना कोण विचारणार? किशोरवयीन मुलांत तर नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपाने दिसते आणि वसतिगृहात चिडक्या मुलाच्या वाट्याला बहुधा शिक्षाच येते.

परिस्थिती की आजार?

येथे एक सरळ आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पाणी द्या, रोजगार द्या, वनजमिनीचे दावे निकाली काढा, गोळ्या कशाला? दारिद्र्याला आजाराचे नाव देऊन व्यवस्था आपली जबाबदारी झटकते, असे कार्यकर्ते म्हणतात. वर्गीकरणाच्या क्षेत्रातही हाच वाद वेगळ्या वेशात आहे. अॅलन हॉरविट्झ आणि जेरोम वेकफिल्ड यांनी २००७ मध्ये एक संपूर्ण ग्रंथ लिहून असे म्हटले की, लक्षणे मोजण्याच्या नादात स्वाभाविक दुःखालाही विकार ठरवले जात आहे. निकटच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या शोकाला डीएसएममध्ये १९८० पासून जो अपवाद होता, तो २०१३ मध्ये काढून टाकला गेला आणि वादाला तोंड फुटले. अकराव्या आयसीडीने मधला मार्ग धरला : शोक असताना नैराश्याचे निदान करण्यासाठी अधिक काळ थांबावे आणि त्या समाजातील शोकाची रीत विचारात घ्यावी.

आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. दारिद्र्यामुळे झालेला क्षयरोग हा क्षयरोगच असतो आणि घर कोरडे होईपर्यंत रुग्णाची औषधे कोणी थांबवत नाही. कारण बाहेरचे आहे म्हणून आजार खोटा ठरत नाही. मात्र सौम्य अवस्थेत गोळ्यांची घाई करू नये, हेही तितकेच खरे. वर्गीकरणातील 'सौम्य', 'मध्यम', 'तीव्र' या पायऱ्यांचा खरा उपयोग येथे आहे. सौम्य पायरीवर बोलणे, मोडलेला दिनक्रम सावरणे आणि चार-सहा आठवडे लक्ष ठेवणे पुष्कळदा पुरेसे होते. तीव्र पायरीवर औषध टाळणे जिवावर बेतू शकते. नोंदवहीत नुसते 'नैराश्य' लिहिले आणि पायरी लिहिली नाही, तर हा भेदच हरवतो.

चकवे

निदान झाले तरी कप्पा चुकू शकतो. सर्वांत घातक चूक म्हणजे द्विध्रुवी विकाराला साधे नैराश्य समजणे. अशा रुग्णाला केवळ नैराश्यावरचे औषध दिले, तर तो उन्मादाकडे ढकलला जाण्याचा धोका असतो. म्हणून यापूर्वी कधी रात्र-रात्र न झोपता उत्साहाने भरून जाणे, अफाट बोलणे, पैसे उधळणे असे झाले होते का, हे विचारायचे असते. पाड्यावर या प्रश्नाला उत्तर मिळते 'नाही', कारण चार वर्षांपूर्वीचा तो महिना घरच्यांच्या स्मरणात आजार म्हणून नोंदलेलाच नसतो. तेव्हा 'वारं आलं होतं' आणि भगताने ते उतरवले होते. आजार हा शब्द वगळून नुसत्या घटना विचारल्या, तर मात्र सगळी हकिगत मिळते.

पुरुषांच्या बाबतीत दारू हा पडदा होतो. आधी नैराश्य आणि ते बुडवण्यासाठी दारू, की आधी दारू आणि तिच्यातून नैराश्य, हे ठरवायला साधारण महिनाभर दारू बंद ठेवून पाहावे असे पाठ्यपुस्तक सांगते. घरोघरी हातभट्टी पोहोचते तेथे हा महिना कोठून आणायचा? परिणामी पुरुषाच्या नावापुढे 'व्यसनी' एवढेच लागते. वृद्धांत नैराश्य स्मृतिभ्रंशासारखे भासते.

बाळंतिणीची गोष्ट अधिक सुस्पष्ट आहे आणि म्हणूनच अधिक खेदजनक. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. आर्थिक ओढगस्त, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी ही कारणे ठळक होती. रुग्णालयात बाळंत झालेल्या मातेकडे आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा वेळा जाते. बाळाचे वजन, ताप, नाळ हे सगळे पाहिले जाते. आईला दोन प्रश्न विचारण्यासाठी याहून चांगली संधी आरोग्य यंत्रणेत दुसरी नाही.

मोजले जाते ते कुठे?

शहापूर-मुरबाडमध्ये नैराश्याचे प्रमाण किती, असे विचारणाऱ्यांपुढे सहसा राष्ट्रीय आकडा ठेवला जातो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तो प्रौढांमध्ये सुमारे २.७ टक्के होता. पण ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये राज्याने सुरू केलेला 'प्रेरणा प्रकल्प' मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी होता; ठाणे त्यात नव्हते. १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने पसरलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका यांच्या पथकाची कल्पना मांडतो. कल्पना उत्तम आहे. मात्र एवढेसे पथक आणि संपूर्ण जिल्हा हे गणित कागदावरच सुटते. मुंबईला लागून असल्यामुळे ठाणे जिल्हा वैद्यकीय सोयींत पुढारलेला मानला जातो आणि ती सरासरी डोळखांब किंवा टोकावडे यांच्या पलीकडच्या वस्तीला झाकून टाकते.

निदान तज्ज्ञाशिवाय होऊ शकते का? होते, याचे पुरावे आपल्या शेजारीच आहेत. गोव्यातील 'संगथ' संस्थेच्या 'मानस' प्रयोगात स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण देऊन प्राथमिक केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले, तर नेहमीच्या पद्धतीत सुमारे ४२ टक्के. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत चाललेल्या 'विश्राम' उपक्रमात नैराश्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. दोन्ही ठिकाणी समान गोष्ट ही की, विचारणारी व्यक्ती गावातली होती आणि तिच्याकडे बसून ऐकायला वेळ होता. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. जेथे मोबाइलला रेंज मिळते तेथून तो लागतो.

पुन्हा त्या काल्पनिक बाईकडे वळू. पाचव्या खेपेला डॉक्टरांनी जावेचे बोलणे मनावर घेतले, दार लावून दहा मिनिटे विचारपूस केली आणि नोंदवहीत 'रक्तक्षय' याच्या खाली 'नैराश्य, मध्यम' असे लिहिले, असे समजू. औषध सुरू झाले. या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही ते सहा ते नऊ महिने घ्यावे लागते. तोवर कार्तिक उजाडला आहे. बाईच्या घरातील भांडी पोत्यात भरली गेली आहेत. मुकादमाचा टेम्पो उद्या पहाटे येणार आहे. डॉक्टर एक चिठ्ठी लिहून देतात : कोणते औषध, किती दिवस, मध्येच बंद करू नये. ती चिठ्ठी पदराच्या गाठीत भिवंडीपर्यंत पोहोचली आणि तेथील दवाखान्यात कोणी ती वाचली, तर उपचार पुढे चालू राहतील. नाहीतर तिच्या डोळ्याची पापणी पुन्हा ओढून पाहिली जाईल आणि लोहाच्या गोळ्यांचे नवे पाकीट तिच्या हातात पडेल.